रोज चाला, हे खरं. पण चालायची वाट कुठे आहे?



मधुमेह, ब्लड प्रेशर, वाढलेलं वजन, फॅटी लिव्हर, पीसीओडी. आजार कोणताही असो, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एक ओळ ठरलेली असते: रोज किमान अर्धा तास भरभर चालणे. चिठ्ठीवरच्या गोळ्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतात. ही ओळ कुठे मिळते?

सातारा-सांगलीकडच्या खेड्यातून येणारे पेशंट हा प्रश्न मला वारंवार विचारतात आणि तो आळसाचा बहाणा नसतो. गावातून चालावं तर अरुंद रस्त्यावर मोटारसायकली. गावाबाहेर पडावं तर थेट जिल्हा मार्ग किंवा राज्यमार्ग. गळीत हंगाम सुरू झाला की पहाटेच्या धुक्यात उसाच्या ट्रॉल्या. त्यातल्या बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. त्याच रस्त्याच्या कडेनं पहाटे पाचला साडी आणि चपला घातलेल्या बायका एकीमागे एक चालत असतात. त्याच रस्त्यावर पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं १६०० मीटरची आणि मुली ८०० मीटरची वेळ लावत पळत असतात. अपघात झाला की दोन दिवस हळहळ होते आणि तिसऱ्या दिवशी सगळे पुन्हा त्याच कडेला येतात, कारण दुसरी जागाच नसते.

म्हणून आज औषधांऐवजी वाटेबद्दल लिहितो आहे. माझं मत सरळ आहे. कृष्णेच्या खोऱ्यातल्या प्रत्येक गावाला, घरापासून दहा मिनिटांच्या आत, वाहनांपासून सुरक्षित अशी दोन-तीन किलोमीटरची चालण्या-पळण्याची आणि सायकलची वाट मिळाली पाहिजे. बहुतेक गावांत ती नव्यानं बांधावी लागणार नाही. ती कालव्याच्या भरावावर, पाणंदीत, नदीकाठी आधीपासून पडलेली आहे. फक्त ती माणसांसाठी मोकळी करायची आहे.

मॅरेथॉन वर्षातून एकदा, साखर मात्र रोज

आपल्या भागात पळण्याची हौस कमी नाही. २०१२ पासून सातारा हिल हाफ मॅरेथॉन होते. शहरातून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्यानं जायचं आणि परत यायचं, अशी ती एकवीस किलोमीटरची शर्यत. देशभरातून धावक येतात. या स्पर्धेमुळे साताऱ्यातली कितीतरी चाळिशी-पन्नाशीची माणसं आयुष्यात पहिल्यांदा पळायला लागली आणि ही फार मोठी गोष्ट आहे. माणदेशातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचली. वैयक्तिक ट्रॅक प्रकारात भारतीय महिलेनं ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठण्याची ही १९८४ च्या पी. टी. उषा यांच्यानंतरची पहिली वेळ होती.

अशा गोष्टींचा अभिमान बाळगावाच. पण डॉक्टर म्हणून मला आणखी एक हिशेब दिसतो. तो समजून घ्यायचा तर व्यायाम शरीरात नेमकं काय करतो ते पाहावं लागेल.

शेतकऱ्याला हे चटकन समजेल. पाटाला पाणी आलं, पण वाफ्याची दारं धरणारा गडीच सुस्त असेल तर काय होतं? पाट तुडुंब भरतो आणि पीक मात्र सुकतं. टाइप-२ मधुमेहात असंच होतं. रक्तात साखर भरपूर असते, पण ती स्नायूंत शिरत नाही, कारण इन्सुलिन नावाच्या गड्याचं स्नायू ऐकत नाहीत. चालताना, पळताना किंवा पायडल मारताना स्नायू आकुंचन पावतात, तेव्हा इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ते स्वतःच साखर आत ओढून घेतात. व्यायाम संपल्यावरही त्यांना इन्सुलिनचं म्हणणं अधिक चांगलं ऐकू येतं.

मेख पुढे आहे. हा परिणाम साठवून ठेवता येत नाही. एका व्यायामाचा असर साधारण एक ते तीन दिवस टिकतो आणि मग ओसरतो. म्हणून मधुमेह्यांना आम्ही सांगतो, की व्यायामात सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम करावा. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत.

म्हणजे शरीराला हवा आहे रोजचा रतीब. वर्षातून एकदा होणारा कार्यक्रम, मग तो कितीही देखणा असो, रतीब घालू शकत नाही. शहरातल्या धावकाला गाडीत सायकल टाकून घाटापर्यंत जाता येतं. दोन म्हशींची धार काढून, पोरांचा डबा करून मिळालेल्या पाऊण तासात चालणाऱ्या बाईला ते शक्य नाही. तिची वाट दारातूनच सुरू झाली पाहिजे.

"दिवसभर शेतात राबतो, मग वेगळा व्यायाम कशाला?"

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर माणसागणिक वेगळं आहे. जी बाई दिवसभर भांगलण करते, जो मजूर ऊस तोडतो, मोळ्या वाहतो, त्याला किंवा तिला "व्यायाम करा" म्हणणं म्हणजे थट्टा आहे. त्यांना विश्रांती, पुरेसं अन्न आणि पाठीची काळजी हवी.

पण शेती बदलली आहे. नांगरट ट्रॅक्टर करतो, पाणी ठिबकनं जातं, मोटर मोबाईलवरून चालू होते आणि घरापासून अर्ध्या किलोमीटरवरच्या रानातही आपण मोटारसायकलवर जातो. ट्रॅक्टरवर सहा तास बसलेला माणूस संध्याकाळी थकतो हे खरं, पण त्याचं हृदय आणि मांड्यांचे स्नायू फारसे कामाला लागलेले नसतात. थकवा आणि व्यायाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याचा जुना आणि सुंदर पुरावा लंडनच्या बसमध्ये सापडला. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी १९५३ साली तिथल्या दुमजली बसगाड्यांच्या ड्रायव्हर-कंडक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच खात्यातली, साधारण एकाच थरातली ही माणसं. ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर जिने चढत-उतरत. हृदयविकाराचं प्रमाण ड्रायव्हरमध्ये जास्त निघालं. ट्रॅक्टरची सीट ही शेवटी ड्रायव्हरचीच सीट आहे.

आपल्या शरीराची आणखी एक अडचण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण शरीरातल्या चरबीचं प्रमाण युडकिन यांचं ९.१ टक्के आणि याज्ञिकांचं २१.२ टक्के! दिसायला सडपातळ, पण आत चरबी. म्हणून "मी काय जाड आहे का?" हा युक्तिवाद आपल्याकडे चालत नाही. पोट सुटलेले आणि हातपाय काटक असे किती जण तुमच्या पारावर बसतात, ते आठवून पाहा.

आकडेही हेच सांगतात. आयसीएमआरचा देशव्यापी अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या अंदाजानुसार भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि १३.६ कोटी लोकांना पूर्वमधुमेह आहे. मधुमेह अजून शहरात जास्त आहे, पण पूर्वमधुमेहाचं प्रमाण शहरात आणि खेड्यात जवळपास सारखं निघालं. म्हणजे मधुमेहाच्या दारात उभ्या असलेल्यांच्या रांगेत खेडं आता शहराच्या बरोबरीनं उभं आहे.

ही रांग मागे फिरवता येते, हाच खरा आशेचा भाग आहे. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, पूर्वमधुमेहाच्या लोकांनी आहार सुधारला, वजन थोडं उतरवलं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम केला, तेव्हा मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या गोळीनं ते ३१ टक्क्यांनी घटलं होतं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ सालच्या अभ्यासात भारतीयांमध्ये ही घट २८.५ टक्के आली. आपला आकडा कमी आहे, पण तोही मोलाचा आहे. कारण न टळलेल्या मधुमेहाचं एक टोक डायलिसिसच्या खुर्चीत संपतं. आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास आणि बरोबर मजुरी बुडवून येणारा घरचा एक माणूस. मिरजेसारखी दवाखान्यांची नगरी आपल्या खोऱ्यात आहे, याचं समाधान आहेच. तिथपर्यंत जायला आपण चौपदरी रस्ते केले. तिथे जाण्याची वेळ टाळणारी पायवाट मात्र मागायची राहून गेली.

बायकांचा प्रश्न वेगळा आहे

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीनुसार, २०२२ साली भारतात ४२ टक्के पुरुष आणि ५७ टक्के स्त्रियांची शारीरिक हालचाल गरजेपेक्षा कमी होती. घरकाम आणि रानातलं काम यांतून ज्यांची सुटका नाही त्या बायकांची नव्हे, तर कामाची जागा शिलाई मशीन, दुकानाचा गल्ला किंवा अंगणवाडीची वही झाली अशा बायकांची ही अडचण आहे, असा माझा अनुभव सांगतो.

पुरुष कुठेही चालायला जाऊ शकतो. बाईला उजेड लागतो, सोबत लागते आणि "ही कुठे निघाली?" असं कुणी विचारणार नाही अशी जागा लागते. दोघी-तिघींना शेजारी शेजारी गप्पा मारत चालता येईल एवढी वाट रुंद असली, तर चालणं टिकतं. एकीमागे एक चालताना गप्पा होत नाहीत, आणि गप्पा नसल्या की चार दिवसांत चालणं बंद पडतं. हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, ओपीडीत पाहिलेलं आहे.

मुलींचंही तसंच. आठवी-नववीत हायस्कूलला सायकलवरून घोळक्यानं जाणाऱ्या मुली आपल्याकडे गावोगाव दिसतात. दहावी झाली की सायकल पडवीत जाते आणि स्कूटी येते. सायकल ही गरिबीची खूण आणि स्कूटी ही प्रगतीची, हा हिशेब आपण मुलींच्या मनात भरवला. पंचविशीत त्याच मुली थायरॉईड, वजन आणि पाळीच्या तक्रारी घेऊन येतात. सगळ्या तक्रारींचं कारण सायकल सुटणं हे नाही, पण ती सुटली नसती तर काही तक्रारी नक्कीच सौम्य असत्या.

हे आपल्याकडे नवीन नाही

सायकलला कमी लेखण्याआधी आपल्याच खोऱ्याचा इतिहास आठवावा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात उद्योगाची सुरुवात केली ती सायकलींच्या दुकानानं. ते सायकली विकत आणि लोकांना चालवायला शिकवतही. पुढे १९१० साली औंधच्या संस्थानिकांनी त्यांना कुंडल रोडजवळच्या माळावर जागा दिली आणि तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. म्हणजे कृष्णाकाठच्या या कारखान्याची मुळं एका सायकलच्या दुकानात आहेत.

त्याच औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत. त्यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सुरू केले आणि १९२८ साली त्यावर पुस्तक लिहिलं. रयतेची प्रकृती हा राज्यकारभाराचा विषय आहे, असं मानणारा राजा या मातीत होऊन गेला. आज त्या राजाच्या जागी ग्रामपंचायत आहे. व्यायाम ही ज्याची त्याची खासगी बाब असं म्हणून तिनं हात झटकू नयेत, एवढीच अपेक्षा.

वाट काढायची कुठून?

पहिली जागा म्हणजे कालव्याचा भराव. कराडजवळच्या खोडशी बंधाऱ्यातून निघणारा कृष्णा कालवा एकोणिसाव्या शतकातला. त्यानंतर धोम आणि कण्हेर धरणांचे कालवे झाले, ताकारी, टेंभू, म्हैसाळ योजनांचे झाले. कालव्याच्या देखभालीसाठी त्याच्या कडेनं भरावावरून कच्चा रस्ता ठेवलेला असतो. कालव्याचं पाणी गुरुत्वाकर्षणानं वाहतं, त्यामुळे त्याचा उतार अगदी सौम्य असतो आणि शेजारचा रस्ताही जवळजवळ सपाट. हृदयविकारातून उठलेल्या माणसाला, साठीतल्या गुडघ्यांना आणि गिअर नसलेल्या साध्या सायकलला याहून चांगला रस्ता इंजिनिअरला सांगूनही मिळणार नाही. इंग्लंडमध्ये कालव्यांतल्या होड्या ओढणाऱ्या घोड्यांसाठी काठानं वाटा होत्या. घोडे गेले, आणि त्याच वाटांवर आज माणसं चालतात, पळतात, सायकल चालवतात.

दुसरी जागा पाणंद. वापर सुटला, बाभळी वाढल्या, दोन्हीकडचे बांध आत सरकले आणि गाडीवाटेची पायवाट झाली. शेत आणि पाणंद रस्त्यांसाठी राज्य सरकारनं २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली. वहिवाटीच्या रस्त्यातला अडथळा दूर करण्याचे अधिकार मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ नुसार तहसीलदारांना आहेत. पाणंद खुली झाली तर उसाची गाडीही जाते आणि पहाटे माणसंही.

तिसरी जागा नदीकाठ. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण पाहिले आहेत. नदीच्या अगदी जवळच्या पट्ट्यात पक्कं काही बांधू नये, हे पुरानंच शिकवलं. पण मुरमाची वाट तिथे चालते. पूर आला तर ती पाण्याखाली जाईल आणि ओसरल्यावर मुरमाचा एक थर टाकला की पुन्हा तयार. सांगलीहून हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमाकडे, वाईहून मेणवलीच्या घाटाकडे, कराडात प्रीतिसंगमाच्या बाजूला माणसं आधीपासून चालतातच. त्यांच्या पायाखाली जरा नीट वाट द्यायची आहे.

डोंगर ही चौथी जागा, पण ती पुढच्या इयत्तेची. अजिंक्यतारा, कराडजवळचा आगाशिव, मिरजेकडचा दंडोबा चढायला सुंदर आहेत. पण पहिल्या दिवशी तिथे जाऊ नका. आधी दोन-तीन महिने सपाटीवर चाला.

काही आक्षेप, आणि त्यांची उत्तरं

"कालव्याचा रस्ता उसाच्या ट्रॅक्टरला लागतो." लागू दे. शेतकऱ्याची वाट अडवून कुणाच्या तब्येती सुधारायच्या नाहीत. पण पहाटे पाच ते साडेसात आणि संध्याकाळी एखादा तास एवढीच वेळ चालणाऱ्यांना लागते. गावानं बसून वेळ ठरवली तर दोन्ही होतं.

"कालव्यात कुणी पडलं तर?" ही भीती खरी आहे. अस्तर केलेल्या कालव्याच्या भिंती गुळगुळीत असतात आणि आवर्तन सुरू असताना पट्टीच्या पोहणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही. म्हणून वाट पाण्याच्या काठाला लागून नको, भरावाच्या बाहेरच्या बाजूनं हवी. पूल आणि वळणांवर कठडा हवा, ठराविक अंतरावर बाहेर येण्यासाठी दोर किंवा पायऱ्या हव्यात. लहान मुलांना एकटं पाठवायचं नाही आणि जलसंपदा विभागाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय काही सुरू करायचं नाही.

"गावात धड रस्ते नाहीत आणि तुम्हाला जॉगिंग ट्रॅक हवा!" मला जॉगिंग ट्रॅक नकोच आहे. पेव्हर ब्लॉक, रंगीत कठडे, सेल्फी पॉइंट आणि दोन महिन्यांत गंजणारी व्यायामाची यंत्रं, यांत पैसे जातात आणि माणसं येत नाहीत. दाबलेला मुरूम, कडेला कडुलिंब, करंज अशी देशी झाडं, दोन-तीन दिवे आणि मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून तोंडाशी खांब. ट्रॅक्टर जाणार असेल तिथे खांब काढता-घालता येणारा हवा. एवढं पुरे.

"वाट केली तरी लोक चालतील का?" सगळे चालणार नाहीत. पण आज जे राज्यमार्गाच्या कडेनं जीव मुठीत धरून चालतात, ते तर पहिल्या दिवसापासून येतील. त्यांना पाहून आणखी चार जण येतील. पंढरीच्या वारीत साठीची माणसं दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चालतात ती सोबतीच्या बळावर. लोणंद-फलटणकडे पालखीचं स्वागत करणाऱ्या आपल्या जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको.

वाटेवर पाऊल टाकण्याआधी

मत मांडून झालं. आता डॉक्टर म्हणून काही सूचना.

१. चाळिशी उलटली असेल आणि मधुमेह, ब्लड प्रेशर, तंबाखू किंवा घरात कमी वयात हृदयविकार यापैकी काही असेल, तर पळायला लागण्याआधी तपासून घ्या. साधं चालणं बहुतेकांना लगेच सुरू करता येतं. चालताना छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा जास्त दम, चक्कर यांपैकी काही झालं तर तिथेच थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. "गॅस असेल" म्हणून घरी झोपू नका.

२. वेग किती? बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा. सुरुवात पंधरा मिनिटांनी करा आणि दर आठवड्याला थोडं वाढवा.

३. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. निघताना शुगर १०० च्या खाली असेल तर आधी काही खा. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी असं वाटलं तर तीन चमचे साखर खा आणि बसा. मांडीत इन्सुलिन घेऊन लगेच पळू नका.

४. मधुमेहामुळे तळपाय बधिर असतील तर पळण्यापेक्षा सायकल बरी. अनवाणी चालू नका. घरी आल्यावर दोन्ही तळवे पाहा. डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झाला असेल तर जोराचा व्यायाम नेत्रतज्ज्ञांना विचारूनच.

५. पळल्यानं गुडघे झिजतात हा समज फार पसरलेला आहे. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा हौसेनं पळणाऱ्यांमध्ये गुडघा-खुब्याच्या झिजेचं प्रमाण ३.५ टक्के आणि बैठ्या लोकांमध्ये १०.२ टक्के निघालं. मात्र गुडघा आधीच दुखत असेल किंवा वजन खूप असेल तर आधी चालणं आणि सायकल, पळणं नंतर. सायकलची सीट एवढी उंच ठेवा, की पायडल खाली गेल्यावर गुडघ्यात किंचितच वाक राहील.

६. रस्त्यानं जावंच लागलं तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा उजव्या कडेनं चाला. सायकल मात्र डाव्या बाजूनंच. कपडे पांढरे, सायकलला मागे लाल दिवा. कानात हेडफोन नकोत.

७. उसाचं पाचट पेटवलेलं असेल किंवा द्राक्षबागेत ब्लोअरनं फवारणी चालू असेल, तर त्या बाजूला पळू नका. पळताना आपण नेहमीच्या कितीतरी पट हवा आत घेतो. दमेकऱ्यांनी हे विशेष जपावं.

८. पहाटे हातात टॉर्च आणि पायात बूट हवेत. नाग, मण्यार, घोणस, फुरसे ही चारही आपल्याकडे आहेत. दंश झालाच तर कापू नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. अवयव न हलवता थेट रुग्णालय गाठा. कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर असेल तर अंधारात एकट्यानं जाऊ नका.

ग्रामसभेत एक अर्ज द्या

पुढच्या ग्रामसभेला जाताना एका कागदावर चार गोष्टी लिहून न्या. गावाजवळची कोणती वाट चालण्यासाठी ठेवता येईल, तिची सुरुवात आणि शेवट. ती कुणाच्या ताब्यात आहे: जलसंपदा, वन विभाग, ग्रामपंचायत की वहिवाटीची. पहाटे कोणत्या वेळेत तिथे वाहनं येऊ नयेत. आणि त्या वाटेवर रोज चालायला तयार असलेल्या वीस माणसांच्या सह्या. त्यातल्या निदान दहा बायकांच्या असाव्यात. मागणी मोघम असली की ती इतिवृत्तात विरून जाते. गट नंबर आणि सह्या असल्या की तिच्यावर काहीतरी निर्णय द्यावा लागतो.

अर्ज लिहायला अडचण आली तर गावातल्या आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना बरोबर घ्या. कुणाची शुगर वाढली आहे आणि कोण चालायला तयार आहे, याची गावातली सर्वांत खरी यादी त्यांच्याकडेच असते. आणि अर्ज मंजूर होईपर्यंत थांबू नका. आज संध्याकाळी जेवण झाल्यावर घरातल्या एकाला बरोबर घेऊन गल्लीतल्या गल्लीत पंधरा मिनिटं चाला. जेवणानंतर चढणारी साखर तेवढ्यानंही कमी चढते.